हरकती व सूचना

पहिल्याच रात्री मी डिझेलवरचा कर वाढवला.

भाचा पुण्याला हॉस्टेलवर गेला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप आमच्याकडे खारघरला ठेवून गेला. त्यात हा खेळ होता. जगातला कुठलाही देश निवडायचा, त्याचं प्रमुखपद घ्यायचं आणि देश चालवायचा. अर्थसंकल्प, कर, कायदे, मंत्रिमंडळ, संसद, लष्कर, हेरखातं, परदेशी नेत्यांच्या भेटी, सगळं एका पडद्यावर. या जातीचे खेळ बरेच आहेत आणि मला जे म्हणायचंय ते साऱ्या जातीबद्दलच आहे, म्हणून याचं नाव लिहीत नाही. मी अर्थातच भारत घेतला. एकवीस वर्षं बँकेत काढल्यावर नजर आधी तुटीवर जाते. ती गेली, म्हणून डिझेलच्या कराची पट्टी थोडी उजवीकडे सरकवली आणि कॅलेंडर सुरू केलं.

नऊ दिवसांत वाहतूकदारांचा संप. त्याच्या मागोमाग अन्नधान्याचे भाव, मग महागाईचा आकडा, मग रिझर्व्ह बँकेचा व्याजदर. घरबांधणी मंदावली, बेकारी वाढली, आणि ज्या तुटीसाठी हे सगळं केलं ती आधीपेक्षा मोठी. मी रात्री एक वाजता त्या लाल आकड्याकडे बघत बसले होते.

माझी शाखा वाशीला. एपीएमसी मार्केटातले कितीतरी व्यापारी आमचे खातेदार आहेत. डिझेल वाढलं की दोन-चार दिवसांत काउंटरवर विषय निघतोच, कारण नाशिकहून निघालेला कांद्याचा ट्रक रिकामा परत जातानाही डिझेल पितो. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, हे मी परीक्षांसाठी पाठ केलं होतं. पण त्या आकड्याला खालून किती दोऱ्या बांधल्यात आणि त्यातली एक ओढली की कुठलं काय हलतं, हे पाठांतरातून कळलं नव्हतं. ते खेळाने दाखवलं. व्याजाचंही तसंच. खर्च कापायला म्हणून मी एकेक खातं उघडत गेले आणि व्याजाच्या रकान्याशी थांबले, कारण ती पट्टी हलतच नाही. २०२५-२६ च्या आपल्या खऱ्या अर्थसंकल्पातही सरकारच्या रुपयातले २० पैसे व्याजात जातात आणि २२ पैसे राज्यांच्या करवाट्यात. उरलेल्यात संरक्षण, पेन्शन, अनुदानं, रेल्वे. 'सरकार हे का करत नाही' हे वाक्य त्या रात्रीनंतर माझ्या तोंडून जरा सावकाश निघतं.

या खेळांचं दुसरं मोठं देणं म्हणजे खुर्ची बदलता येते. आठवडाभराने मी नेपाळ घेतला. नकाशा तोच, फक्त मी काठमांडूत. आणि एकदम भारत केवढा दिसायला लागला! तीन बाजूंनी आपण, चौथ्या बाजूला हिमालय. समुद्र नाही. इंधन येणार ते बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलकडून, टँकरने नाहीतर पाइपलाइनने. खेळात मी दिल्लीच्या मनाविरुद्ध एक करार केला आणि मालाची आवक रोडावली. मला २०१५ आठवलं. त्या सप्टेंबरपासून पुढे चारपाच महिने सीमेवरची वाहतूक अडली होती. आपल्या सरकारचं म्हणणं होतं की नाकेबंदी आम्ही केलेली नाही, नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे गाड्या थांबल्यात. तेव्हा ते वाचून मी पान उलटलं होतं. आता पडद्यावर माझ्याकडे अकरा दिवसांचं पेट्रोल उरलं होतं, हिवाळा तोंडावर होता, आणि इस्पितळांच्या रकान्यात पिवळी खूण लागली होती. बातमी तीच होती, खुर्ची दुसरी होती. आपल्या देशावर माझं प्रेम आहे, आणि तरीही शेजाऱ्याच्या खिडकीतून आपलं घर कसं दिसतं ते एकदा बघायला हवं होतं. शाळेच्या नागरिकशास्त्राने मला ती खिडकी कधी दाखवली नाही.

म्हणजे खेळ वाईट नाही. हे मुद्दाम आधी लिहिलं, कारण पुढे मी त्याच्याशी बरीच भांडणार आहे.

किरकोळ तक्रारी पटकन सांगून टाकते. मंत्री बदलला तरी बोलणं तेच राहतं. जपानचे पंतप्रधान आणि ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष एकाच सुरात आभार मानतात. महायुद्धाच्या वेळी खेळ अडकतो आणि लॅपटॉपचा पंखा कुकरसारखा आवाज करतो. हे सगळं चालवून घेता येतं.

संसदेचं मात्र मला लागलं. कायदा मांडण्याआधी खेळ सांगतो, बाजूने ६१ टक्के, विरोधात ३९. तेवढंच. १७ एप्रिल १९९९ ला आम्ही पनवेलच्या घरी सगळे टीव्हीसमोर होतो. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं. एक मत. आईच्या हातात निवडायला घेतलेल्या मेथीची जुडी तशीच राहिली होती. त्या एका मतामागे एक माणूस असतो, त्याचा मतदारसंघ असतो, त्याचं कुणाशीतरी जुनं काही बिनसलेलं असतं. टक्क्यांत मोजलेल्या संसदेत असा दिवस कधी उगवूच शकत नाही.

आणि राज्यं! आपल्या राज्यघटनेत पोलीस राज्याकडे, जमीन राज्याकडे, शेती राज्याकडे. माझ्या त्या खेळातल्या भारतात मुख्यमंत्री नावाची व्यक्तीच नव्हती. महापालिका तर दूरच. मी दिल्लीत बसून थेट पोलीस हलवत होते, थेट शाळा उघडत होते. बुद्धिबळ आपल्या मातीतला खेळ, आणि त्यात राजाला एका वेळी एकच घर चालता येतं. पळायचं ते वजिराने, उंटाने, घोड्याने. कुणी बसवला असेल हा नियम, पण त्याने राजे जवळून पाहिले असणार. या खेळातला राजा मात्र कुठल्याही घरातून कुठल्याही घरात जातो आणि वाटेत कुणी लागत नाही.

वाटेत कोण लागतं हे मला आप्पांनी दाखवलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. तेहतीस वर्षं साखळी, टेप, प्लेन टेबल आणि लाल कापडात बांधलेले नकाशे. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. रात्री त्यांना झोप उशिरा लागते, आणि मी खेळायला बसले की पलीकडची खुर्ची ओढून तेही बसतात. पहिले काही दिवस गप्प बघत होते. मग एका रात्री मी विमानतळ बांधायला काढला.

खेळात ते सोपं असतं. बांधकामाच्या यादीतून विमानतळ निवडायचा, नकाशावर किनाऱ्याजवळ ठिपका ठेवायचा, खर्च आणि मुदत दिसते, 'मंजूर' दाबायचं. मुदत होती २६ महिने.

"मोजणी झाली?" आप्पांनी विचारलं.

"यात मोजणी नसते, आप्पा."

"संयुक्त मोजणी नाही? बरं. नोटीस तरी काढली असशील."

"नोटीसही नसते."

"मग जमीन कुणाची आहे ते तुला कळलं कसं?"

मी ठिपक्यावर क्लिक करून बघितलं. जमीन कुणाचीच नव्हती. किनारा होता, हिरवा रंग होता, आणि त्या प्रांताची लोकसंख्या हा एक आकडा होता.

आप्पांचं सारं काम हद्दीवरचं. एका गटाची मोजणी करायची तर लगतच्या कब्जेदारांना आधी नोटीस जाते. ठरल्या दिवशी सगळे बांधावर येतात. साखळी टाकली जाते, खुणा दाखवल्या जातात, कुणी मान्य करतं, कुणी करत नाही. जो करत नाही त्याचा जबाब लिहून घ्यायचा. आप्पा म्हणायचे, मोजणीला दीड तास लागतो आणि ऐकायला दिवस. भूसंपादनाच्या १८९४ च्या जुन्या कायद्यातही जमीनमालकाला हरकत घ्यायला तीस दिवस असत आणि जिल्हाधिकाऱ्याला त्याचं ऐकून घ्यावं लागे. २०१३ च्या कायद्याने ते साठ दिवस केले, आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती घातली. हे सगळं कागदावर जितकं नीट दिसतं तितकं गावात कधी झालं नाही, हेही आप्पाच सांगतात. पण कागदावर निदान तो रकाना आहे. 'हरकती व सूचना.' माझ्या खेळात हुकमांची शेकडो बटणं होती. विचारायचं एकही नव्हतं.

आणि आम्ही हे बोलत होतो ते कुठे बसून? नवी मुंबईत. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं ज्या शहरासाठी घेतली गेली, त्या शहरात. आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर खरा विमानतळ उभा आहे. त्याची चर्चा नव्वदच्या दशकात सुरू झाली. पर्यावरणाची मंजुरी २०१० मध्ये. भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं उडाली. त्या ११६० हेक्टरांत उलव्याची टेकडी होती, ती कापली. उलवे नदी होती, तिचं पात्र वळवलं. आणि गावं होती, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवलीवाडा, वरचं ओवळे, उलवे. ही नावं आप्पा एका दमात म्हणतात. त्या लोकांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचं पॅकेज मिळालं, पुष्पकनगर वसलं. त्यावर समाधानी असलेली माणसं मला भेटली आहेत आणि अजून कागद घेऊन फिरणारीही भेटली आहेत. मला विमानतळ नको होता असं नाही. पुढच्या सुट्टीत आम्ही तिथूनच जाणार आहोत. पण २६ महिने आणि एक ठिपका, हे बघून माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं.

तरी मी 'मंजूर' दाबलं. पुढे काय होतं ते बघायचं होतं.

चौथ्या महिन्यात किनाऱ्यावरच्या एका शहरात निदर्शनं सुरू झाली. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट आली. माणसांचं चित्र, हातात फलक, फलक कोरे. खाली तीन पर्याय: वाटाघाटी, दुर्लक्ष, बळाचा वापर. मी वाटाघाटी दाबलं. थोडे पैसे गेले, गर्दीचा आकडा कमी झाला, दोन आठवड्यांनी पुन्हा वाढला. दुसऱ्यांदा दुर्लक्ष दाबलं. तिसऱ्यांदा, खरं सांगते, मला कंटाळा आला होता. विमानतळाचं काम अडलं होतं, तिकडे तेलाचे भाव चढले होते, शेजारच्या देशाशी बोलणी चालू होती. मी तिसरा पर्याय दाबला.

चौकट बंद झाली. दुसरी उघडली. 'शांतता प्रस्थापित. मृत: ११. लोकप्रियता: उणे ३.'

आप्पा काही बोलले नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेले. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. ते परत येईपर्यंत मी घाईघाईने आधीचा सेव्ह उघडला होता. चार महिने मागे. शहर शांत, किनारा हिरवा.

"हे परत कसं आलं?" त्यांनी विचारलं.

"मागे नेलं."

"आणि ते अकरा?"

"ते आता... झालंच नाही ते."

आप्पा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

१६ आणि १७ जानेवारी १९८४. आप्पांना तेव्हा नोकरीला लागून आठ वर्षं झाली होती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भूसंपादनाला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणच्या जासई भागात शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबार झाला. पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे जितकी जमीन घेतली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. आज नवी मुंबईत राहणारा प्रत्येक जण 'साडेबारा टक्के' हा शब्द ऐकून असतो, दुकानाच्या जाहिरातीतही वाचतो. तो शब्द कुठल्या दोन दिवसांतून आला हे आमच्या सोसायटीत किती जणांना माहीत असेल?

गावांना माहीत आहे. १० जून २०२१ ला विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून माणसांनी हातात हात धरून मानवी साखळी केली. २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापुरात सिडकोवर मोर्चा आला. माझी शाखा त्या दिवशी अर्धी रिकामी होती आणि मी खिडकीतून गाड्यांच्या रांगा बघत होते. जासईला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. मोर्च्याला निघालेल्यांत विशीतली मुलं होती. त्यांच्या जन्माआधीची गोष्ट त्यांनी पाठीवर घेतली होती.

खेळातल्या माणसांना राग येतो, तो टक्क्यांत मोजता येतो, आणि काही महिन्यांत हळूहळू शून्यावर येतो. त्यांना आठवण नाही. मी मागे नेण्याची गरजच नव्हती. वर्षभर थांबले असते तरी त्या शहराने मला पुन्हा मत दिलं असतं. या खेळाचे आकडे किती चुकीचे आणि किती बरोबर यावर लोक वाद घालतात. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी चूक आकड्यांत नाही. त्याने देशाला मन दिलं आणि आजी दिली नाही, जी अंगणात बसून नातवाला सांगते की इथे आपलं शेत होतं.

असा खेळ करताच येत नाही, असं म्हणता येणार नाही. १९८५ साली ख्रिस क्रॉफर्ड यांनी अमेरिका आणि सोव्हिएत युनियनच्या शीतयुद्धावर 'बॅलन्स ऑफ पॉवर' हा खेळ केला. आजच्या मानाने तो अगदी साधा, नकाशा आणि काही याद्या. पण त्यात तुमच्या हट्टाने अणुयुद्ध पेटलं की पडदा काळा होतो आणि मजकूर येतो की ढग, स्फोट, उडणारे देह असलं काही दाखवणार नाही, कारण अपयशाला इथे बक्षीस नाही. चाळीस वर्षांपूर्वी तेवढ्याशा मेमरीत एका माणसाने ठरवलं की काही गोष्टी घडल्यावर खेळणाऱ्याला करमणूक मिळता कामा नये. आजच्या खेळांत हजारो पट जास्त माहिती आहे. देशागणिक लोकसंख्या, कारखाने, क्षेपणास्त्रं, पक्षनेत्यांची नावं. त्यात एखाद्या गोळीबाराची तारीख ठेवायला किती जागा लागेल?

आप्पांनी एकदा मला सांगितलेली गोष्ट आहे. निवृत्तीनंतर ते पनवेलच्या एसटी स्टँडवर उभे होते. एक म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, "सायेब, वलखलात का?" आप्पांनी ओळखलं नाही. तो म्हणाला, "तुमची साकली आमचे तुलशीवरून गेलती." आप्पांना मोजणी आठवत नव्हती, गाव आठवत नव्हतं, त्यांनी अशा शेकडो केल्या होत्या. त्याच्यासाठी ती एकच होती. वीस वर्षांनीही त्याला साखळीचा कुठला भाग वृंदावनाच्या कुठल्या कोपऱ्याला घासला ते सांगता येत होतं. तो रागावला नव्हता. त्याने आप्पांना चहा पाजला. पण सांगितलं.

त्या रात्रीनंतर मला वाटलं होतं आप्पा आता खेळाकडे फिरकणार नाहीत. झालं उलटंच. दोन दिवसांनी म्हणाले, मला एक देश लावून दे, लहानसा. मी त्यांना आइसलँड लावून दिला. माणसं चार लाखांच्या आत, म्हटलं यांना झेपेल.

ते माझ्यासारखं खेळत नाहीत. कॅलेंडर सगळ्यात सावकाश ठेवतात. दिवसाचे अहवाल चष्मा सरकवून वाचतात, आणि काही मंजूर करायच्या आधी नकाशा मोठा करून त्या जागेकडे बघतात. लोकप्रियता वर्षभर ४४ वरच होती आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांनी एक धरण मंजूर केलं. विजेसाठी हवं होतं, दुसरा मार्ग नव्हता, त्यांनी तीन रात्री विचार केला.

आमच्या बँकेची गेल्या वर्षाची डायरी त्यांनी मागून घेतली आहे आणि ती लॅपटॉपशेजारी असते. काल ते झोपल्यावर मी उघडून बघितली. मोजणीच्या टिपणात लिहायचे तसंच बारीक, तिरकं अक्षर. डाव्या बाजूला खेळातली तारीख. पुढे: 'धरण मंजूर केले. पूर्वेकडील खोरे पाण्याखाली जाणार. तेथील लोकांस कळविले नाही, सोय नाही.' त्याखाली आखून तीन रकाने केलेत. हरकत, जबाब, निर्णय. तिन्ही रिकामे. आणि सगळ्यात वर, गावाचं नाव लिहायच्या जागी, पेन्सिलने एक रेघ ओढून पुढे प्रश्नचिन्ह.

सकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, नकाशा अजून मोठा होतो का ग, नावं दिसेपर्यंत?